बाळाचे डोके आणि एक लोकप्रिय स्पष्टीकरण

पहिल्या खेपेच्या बाईचे दिवस भरत आले की घरातल्या जाणत्या बायका तिच्याकडे नुसते पाहून ‘पोट उतरले’ म्हणतात. तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई ‘डोके फिक्स झाले’ म्हणतात. दोघी बोलतात ते एकाच घटनेबद्दल. प्रसूतीच्या साधारण दोन ते चार आठवडे आधी गर्भाचे डोके आईच्या श्रोणीच्या, म्हणजे कमरेच्या हाडांच्या कड्याच्या, वरच्या तोंडातून आत उतरते. छातीखालचा दाब कमी झाल्याने आईला श्वास मोकळा घेता येतो, दोन घास जास्त जातात. उलट मूत्राशयावर भार आल्याने लघवीला सारखे जावे लागते आणि चालही बदलते. पुढच्या खेपांना मात्र डोके बहुधा असे आधीपासून बसत नाही. कळा सुरू होण्याच्या सुमारास किंवा त्यानंतरच ते खाली येते.

शाळेत या विषयापर्यंत आपण क्वचितच पोचतो. पोचलोच तर पुनरुत्पादनाच्या धड्यातून नव्हे, तर उत्क्रांतीच्या धड्यातून. आणि तेव्हा एक ठरावीक गोष्ट सांगितली जाते. माणूस दोन पायांवर चालू लागला, म्हणून त्याची श्रोणी अरुंद झाली. पुढे त्याचा मेंदू वाढला, म्हणून बाळाचे डोके मोठे झाले. दार अरुंद आणि पाहुणा मोठा, असा पेच पडला. त्यावर निसर्गाने तोड काढली ती अशी की बाळ ‘कच्चे’ असतानाच बाहेर काढायचे. म्हणूनच गाईचे वासरू जन्मल्यावर तासाभरात उभे राहते आणि माणसाचे मूल वर्षभर रांगत बसते. चालणे, मेंदू आणि बाळाची असहायता या तीन गोष्टी एका दोऱ्यात ओवल्या गेल्याने ही कथा वर्गात फार रंगते. ती इतकी आटोपशीर आहे की तपासून पाहावी असे सहसा कोणाला वाटत नाही. आम्हाला ती तपासून पाहण्याची गरज वाटते, कारण ती ऐकणाऱ्या वर्गात निम्म्या मुली असतात, आणि त्या तिच्यातून जो अर्थ घरी नेतात तो असा की आपले शरीर या कामासाठी मुळातच नीट बनलेले नाही.

या कथेचा उगम शोधणे सोपे आहे. शेरवूड वॉशबर्न या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाचा ‘हत्यारे आणि मानवी उत्क्रांती’ या विषयावरचा लेख १९६० सालच्या सप्टेंबरमध्ये ‘सायंटिफिक अमेरिकन’ या मासिकात आला. वॉशबर्न यांचा मुख्य मुद्दा हत्यारांचा होता. माणसाने हत्यारे केली एवढेच नव्हे, तर हत्यारांनी माणूस घडवला, हे त्यांना सांगायचे होते. ओघात त्यांनी प्रसूतीच्या या पेचाला नाव दिले आणि थोडक्या वाक्यांत त्याचे उत्तरही देऊन टाकले. हाड, चालणे, हात आणि मूल यांचा एकत्र विचार करण्याची दृष्टी त्या लेखाने दिली, हे त्याचे श्रेय आहे. पण ती वाक्ये म्हणजे एक अटकळ होती. रुंद श्रोणीने चालणे किती महाग पडते याचे एकही मोजमाप त्यांत नव्हते. पुढच्या पन्नास वर्षांत अटकळीचे तथ्य कधी झाले ते कोणाच्या लक्षात आले नाही, आणि विज्ञानाच्या शिक्षकाला सर्वात जास्त खटकायला हवे ते हेच.

कथेकडे वळण्याआधी प्रत्यक्ष काय घडते ते पाहू. त्यासाठी दोन पुठ्ठे आणि थोडी शाडूची माती पुरते. पहिल्या पुठ्ठ्यात १३ सेंटिमीटर रुंद आणि ११ सेंटिमीटर उंच असे लंबवर्तुळाकार भोक पाडावे. हे श्रोणीचे वरचे तोंड. ‘रुंद’ म्हणजे आईच्या डावी-उजवीकडे, ‘उंच’ म्हणजे तिच्या पुढून मागे. दुसऱ्या पुठ्ठ्यात साडेदहा सेंटिमीटर रुंद आणि १२ सेंटिमीटर उंच भोक पाडावे. ही श्रोणीच्या मधल्या पातळीची मापे झाली. आता मातीचे डोके करावे: एका कानापासून दुसऱ्या कानाकडे साडेनऊ सेंटिमीटर, कपाळापासून मागे साडेअकरा सेंटिमीटर. ही सर्व प्रसूतिशास्त्राच्या पुस्तकांतली सरासरी मापे आहेत.

बाळाचे नाक आईच्या पाठीकडे ठेवून डोके पहिल्या भोकात घालू पाहावे. साडेअकराला अकराची जागा मिळत नाही, ते अडते. तेच नाक आईच्या कुशीकडे वळवावे, डोके सहज आत जाते. तसेच आडवे ठेवून दुसऱ्या भोकाशी न्यावे, पुन्हा अडते. आता पाव फेरी वळवून नाक आईच्या पाठीकडे आणावे, डोके पार होते. याखेरीज बाळाने हनुवटी छातीला टेकवली तर पुढे येणारी डोक्याची बाजू दोन्ही अंगांनी साडेनऊ सेंटिमीटरची, म्हणजे जवळपास गोल होते आणि काम आणखी सोपे होते. विद्यार्थ्यांना न सांगता हे करू द्यावे. बहुतेक मुले पहिल्यांदा जोर लावतात, आणि थोड्या वेळाने कोणीतरी वळवून पाहते.

गंमत म्हणजे शास्त्रालाही हे ‘वळवून पाहणे’ उशिरा सुचले. बाळ सरळ खाली सरकते अशीच समजूत फार काळ होती. डब्लिनच्या फील्डिंग ओल्ड यांनी १७४२ साली लिहिले की वरच्या तोंडाशी डोके आडवे असते. पुढे विल्यम स्मेली यांनी १७५२ च्या ग्रंथात आत गेल्यावर ते कसे फिरते हे मांडले आणि बोटाने श्रोणीचे माप घेण्याची रीत घालून दिली. त्याआधीच्या शेकडो वर्षांत सुइणींच्या हातांना हे कळले असेलच. पण त्यांनी पुस्तके लिहिली नाहीत.

पुठ्ठा आणि माती यांत मात्र एक मोठी खोट आहे, आणि तीच त्या लोकप्रिय कथेतही आहे. पुठ्ठ्याचे भोक बदलत नाही. खऱ्या प्रसूतीत दोन्ही बाजू थोड्याथोड्या बदलतात. बाळाच्या कवटीची हाडे सांधलेली नसतात. त्यांच्यामध्ये शिवणी असतात, टाळू असते, आणि दाब आला की हाडे एकमेकांवर किंचित चढतात. म्हणून कित्येक बाळे लांबुळक्या डोक्याची जन्मतात. तेल चोळून डोके गोल केल्याचे श्रेय आजीला मिळते, पण ती हाडे काही दिवसांत आपली आपणच जागेवर येतात. आईच्या बाजूने पाहिले तर गरोदरपणात श्रोणीच्या सांध्यांचे बंध सैल होतात. फ्रेडरिक हिसॉ यांनी १९२६ साली गिनीपिगवर प्रयोग करून दाखवले की रक्तातला एक पदार्थ हे काम करतो. त्याला पुढे ‘रिलॅक्सिन’ हे नाव मिळाले. गिनीपिगची श्रोणी पुढच्या सांध्याशी चक्क उघडते. बाईच्या बाबतीत फरक काही मिलिमीटरचाच असतो, पण वरच्या आकड्यांत अर्ध्या सेंटिमीटरचे मोल काय ते आपण पाहिले. उकिडवे बसल्याने किंवा गुडघ्यांवर ओणवे झाल्यानेही खालच्या भागात काही मिलिमीटरची जागा वाढते हे एमआरआय चित्रांतून दिसले आहे. तेव्हा डोके मावते की नाही हे केवळ दोन मापांच्या वजाबाकीतून ठरत नाही.

आता कथेचे एकेक कलम घेऊ.

पहिले कलम ‘कच्च्या’ बाळाचे. माणसाचे बाळ लवकर जन्मते असे म्हणायचे तर कोणाच्या तुलनेत? गर्भधारणेपासून मोजले तर आपला गर्भ सुमारे ३८ आठवडे पोटात राहतो आणि चिंपांझीचा सुमारे ३३ आठवडे. बाळाचे वजन आईच्या वजनाशी ताडून पाहिले तर चिंपांझीचे बाळ साधारण ३ टक्के आणि आपले ५ ते ६ टक्के भरते. म्हणजे माणसाची आई मूल जास्त दिवस वाढवते आणि जास्त मोठे करून जन्माला घालते. मग ‘कच्चे’ हा शब्द आला कोठून? तो आला एका टक्केवारीतून. जन्मावेळी आपला मेंदू प्रौढ मेंदूच्या ३० टक्क्यांहूनही थोडा कमी असतो, चिंपांझीचा सुमारे ४० टक्के. पण हे टक्के कशाचे? आपल्या नवजात बाळाचा मेंदू सुमारे ३७० ग्रॅमचा, चिंपांझीच्या बाळाचा १५० ग्रॅमच्या आसपास. आपली टक्केवारी कमी दिसते ती छेद मोठा असल्यामुळे: आपला प्रौढ मेंदू तेराशे ग्रॅमच्या घरात आहे. गणिताच्या शिक्षकांनी हे उदाहरण जरूर वापरावे. अंश दुपटीहून मोठा असूनही अपूर्णांक लहान झाला, आणि त्या लहान अपूर्णांकावर एक सिद्धांत उभा राहिला.

दुसरे कलम चालण्याचे. श्रोणी रुंद असेल तर चालायला जास्त ऊर्जा लागते, म्हणून निवडीने ती अरुंद ठेवली, असा युक्तिवाद आहे. तसे असेल तर रुंद श्रोणीच्या बायकांना पुरुषांपेक्षा चालणे महाग पडायला हवे. अॅना वॉरनर आणि सहकाऱ्यांनी स्त्री-पुरुषांना फिरत्या पट्ट्यावर चालवून, पळवून त्यांचा प्राणवायूचा वापर मोजला. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामात असा फरक आढळला नाही. एका प्रयोगाने सिद्धांत कोसळत नाही हे खरे. पण पंचावन्न वर्षे गृहीत धरलेली गोष्ट कोणीतरी मोजली, आणि ती मोजमापात सापडली नाही, याची नोंद घ्यायला हवी.

मग प्रसूती नऊ महिन्यांनीच का? २०१२ साली हॉली डन्सवर्थ आणि सहकाऱ्यांनी एक वेगळे उत्तर मांडले. गरोदर आईचा दिवसाचा ऊर्जाखर्च वाढत वाढत नवव्या महिन्यात तिच्या मूलभूत खर्चाच्या सुमारे दुप्पट होतो. माणसाचे शरीर महिनोन् महिने सोसू शकेल अशी मर्यादा याच्या आसपासच आहे. गर्भ तर वाढतच असतो. म्हणजे दार लहान पडते म्हणून नव्हे, तर शिधा पुरेनासा होतो म्हणून मुक्काम संपतो. आम्हाला हे उत्तर अधिक भावते, कारण त्यात मोजता येण्याजोगे काही आहे. तरी तेही बिनतोड नाही. बाळाला अंगावर पाजण्याचा खर्च गरोदरपणाच्या खर्चाहून कमी नसतो. मग आईची मर्यादा प्रसूतीने नेमकी कशी टळते, हा आक्षेप राहतो. शिवाय रुंद श्रोणीला आडकाठी करणारी दुसरी कारणे असू शकतात. उभ्या शरीरात आतड्यांचा आणि गर्भाचा सगळा भार श्रोणीच्या तळाच्या स्नायूंवर येतो. हा तळ रुंद झाला तर तो जास्त खचतो, असे २०२१ साली संगणकावरील प्रतिकृतीतून दाखवले गेले. अंग बाहेर येण्याचा त्रास ज्या बायकांनी सोसला आहे त्यांना या कारणाचे वजन सांगायला नको. तेव्हा ‘पेच’ पूर्ण खोटा आहे असे आमचे म्हणणे नाही. त्याचे एकच कारण, तेही न तपासलेले, आपण पाठ करून ठेवले आहे, एवढेच म्हणणे आहे.

इथे ‘का’ या शब्दाचे दोन अर्थ वेगळे ठेवायला हवेत, नाहीतर मुलांचा घोटाळा होतो. आज, या बाईच्या कळा आत्ता का सुरू झाल्या, हा एक प्रश्न. त्याचे उत्तर गर्भ, वार आणि गर्भाशय यांच्यातल्या रासायनिक देवाणघेवाणीत आहे. लाखो वर्षांत गर्भकाळ एवढाच का ठरला, हा दुसरा. पहिल्या खेपेच्या बाईचे डोके श्रोणीत उतरल्यावरही बाळ दोन-चार आठवडे तेथेच राहते आणि वाढते. ‘आता नाही निघाले तर मावणार नाही’ असे कोणी घंटा वाजवून सांगत नाही.

तिसरे कलम माणसाच्या वेगळेपणाचे. बाळ आईच्या पाठीकडे तोंड करून बाहेर येते, त्यामुळे आईला त्याला स्वतः धरून वर घेता येत नाही, म्हणून सुईण आली आणि समाज आला, अशी एक पुढची पायरी या कथेला जोडली जाते. बाळंतपणात मदत करण्याची रीत माणसात खूप जुनी असावी आणि तिने जीव वाचवले यात शंका नाही. पण पाठीकडे तोंड हे काही माणसाचेच वैशिष्ट्य नव्हे. जपानमध्ये सतोशी हिराता आणि सहकाऱ्यांनी चिंपांझींच्या तीन प्रसूतींचे जवळून चित्रीकरण केले. त्यांत बाळे आईच्या उलट्या दिशेला तोंड करून बाहेर आली. २०११ साली हे प्रसिद्ध झाले. दक्षिण अमेरिकेतल्या छोट्या खारमाकडांमध्ये तर बाळाचे डोके आणि आईची श्रोणी यांत जेमतेम मेळ असतो, आणि ती माकडे दोन पायांवर चालत नाहीत.

चौथी गोष्ट कथेत उघड सांगितलेली नसते, गृहीत धरलेली असते: सर्व बायकांची श्रोणी एकाच नमुन्याची, आणि कोणाची वेगळी असेल तर तो दोष. १९३३ साली कॉल्डवेल आणि मोलॉय यांनी श्रोणीचे चार प्रकार पाडले. ते अजून पुस्तकांत आहेत, आणि त्यांतला एक ‘खरा स्त्रीचा’ मानला जातो. लिआ बेट्टी आणि आंद्रेआ मनिका यांनी २०१८ साली जगाच्या २४ भागांतल्या ३४८ स्त्रियांच्या सांगाड्यांची मापे तपासली. श्रोणीच्या मार्गाचा आकार प्रदेशागणिक बराच बदलतो, आणि त्यातला मोठा वाटा निवडीचा नसून नुसत्या योगायोगाने झालेल्या आनुवंशिक बदलाचा आहे, असा त्यांचा निष्कर्ष आहे. वरचे तोंड कोणाचे आडवे, कोणाचे गोल, कोणाचे उभे. मग डोके कसे शिरणार आणि कसे फिरणार हेही बदलणारच. आमचे पुठ्ठ्याचे आकडे सुद्धा एक सरासरी दाखवतात, नियम नव्हे.

याचा संबंध थेट तपासणीच्या टेबलाशी येतो. पहिलटकरणीचे डोके ३८ आठवडे होऊनही बसले नसेल तर जागा कमी असल्याचा संशय घ्यावा, असे पुस्तकांत असते. संशय घ्यावा म्हणजे तपासावे. बाळाचा माथा मागे वळलेला आहे का, वार खाली आहे का, तारखेचा हिशेब चुकला आहे का, किंवा साधे मूत्राशय भरलेले आहे का, हे पाहावे. यातले काहीच नसताना डोके वर राहिलेल्या अनेक जणी कळा सुरू झाल्यावर सुखरूप बाळंत होतात. आफ्रिकी वंशाच्या पहिलटकरणींत डोके अनेकदा कळांमध्येच बसते, हे तर पुस्तकेच नोंदवतात. तरी ‘डोके फिक्स नाही’ हे तीन शब्द कितीतरी घरांत निकालासारखे ऐकले जातात, कारण ‘बाईची वाट मुळातच अरुंद’ ही कथा आधीच कानांवर गेलेली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सरकारी दवाखान्यांत १४.३ टक्के आणि खासगी दवाखान्यांत ४७.४ टक्के प्रसूती सिझेरियनने झाल्याचे दिसते. अवघड रुग्ण कोठे जातात, कोणाचे वय काय, याने काही फरक पडेल. पण श्रोणी सरकारी किंवा खासगी नसते. वेळेवर झालेले सिझेरियन आई आणि बाळ दोघांना वाचवते, हे विसरून आम्ही लिहीत नाही. प्रश्न फक्त एवढाच की या तफावतीचे खापर उत्क्रांतीवर फोडता येत नाही.

२०१६ च्या डिसेंबरात तर उलट बाजूने बातमी आली: सिझेरियनमुळे माणसाची उत्क्रांती बदलत आहे! मूळ लेख व्हिएन्नाच्या फिलिप मिटरोकर आणि सहकाऱ्यांचा होता, आणि तो वाचण्यासारखा आहे. त्यांनी एक गणिती प्रतिकृती मांडली. मोठ्या बाळाचा फायदा वाढत जातो, पण ते अडले की एकदम कडेलोट होतो. शस्त्रक्रियेने हा कडेलोट टळला तर न मावणाऱ्या डोक्यांचे प्रमाण दर हजारी ३० वरून ३६ वर जाईल, असा त्यांचा अंदाज होता. श्रोण्या मोजून काढलेला हा आकडा नव्हता. बातम्यांत मात्र ‘प्रतिकृतीनुसार’ हा शब्द गळाला. वर्गात बातमी आणि मूळ लेख शेजारी ठेवून वाचायला हे उत्तम उदाहरण आहे.

आम्हाला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो पुढचा भाग, आणि कथेत तो सर्वस्वी गाळला जातो. श्रोणी जन्मापासून ठरलेली नसते, ती वाढते. झुरिकच्या संशोधकांनी २०१६ साली दाखवले की मुलीच्या श्रोणीचा आकार वयात येताना प्रसूतीला सोयीचा होऊ लागतो, पंचविशी-तिशीत तो सर्वात सोयीचा असतो, आणि चाळिशीनंतर पुन्हा काहीसा बदलतो. मार्क्विसा मोअरमन यांनी १९८२ सालीच मांडले होते की किशोरवयीन मुलीची उंची वाढायची थांबत आली तरी तिच्या प्रसूतिमार्गाची वाढ मागे राहिलेली असते. ‘चांगली उंचीपुरी आहे, लग्नाला काय हरकत?’ या प्रश्नाचे शास्त्रीय उत्तर इथे आहे. उंची डोळ्यांना दिसते, श्रोणी दिसत नाही. महाराष्ट्रात वर उल्लेखिलेल्या सर्वेक्षणाच्या वेळी २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के जणींचे लग्न अठराच्या आत झालेले होते.

ही वाढ अन्नावर आणि उन्हावरही अवलंबून असते. श्रीनगरला काम केलेल्या डॉ. कॅथलीन व्हॉन यांनी १९२८ साली पडदा पद्धती आणि मातृत्व यांवर पुस्तक लिहिले. पडद्यात राहणाऱ्या बायकांची हाडे मऊ पडून श्रोणी वाकडी होते आणि त्या अडतात, तर उघड्यावर राबणाऱ्या गरीब नावाडी बायका सहज मोकळ्या होतात, असे त्यांनी पाहिले. जीवनसत्त्व ड नुकतेच कळू लागले होते तो हा काळ. एकाच खोऱ्यातल्या, एकाच लोकांच्या बायका, आणि फरक भिंतीच्या आतल्या सावलीचा. औद्योगिक इंग्लंडच्या धुराळ शहरांत मुडदूस झालेल्या मुलींचेही तेच झाले होते. जोनाथन वेल्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली सगळ्या पेचाचीच मांडणी अशी केली की तो परिस्थितीप्रमाणे कमी-जास्त होतो: बालपणी उपाशी राहिलेली, खुंटलेली आई आणि तिच्या पोटात, आता बरे खायला मिळाल्याने, मोठे झालेले बाळ. उत्क्रांतीला बोल लावला की काही करायचे उरत नाही. मुलीच्या ताटाला, तिच्या लग्नाच्या वयाला बोल लावला तर पुष्कळ काही करता येते.

हे सर्व सांगितल्यावर एखादी मुलगी विचारेल, की मग माझी श्रोणी पुरेशी आहे हे आधी कळणार कसे? क्ष-किरणांनी श्रोणीची मापे घेऊन भाकीत करण्याचा प्रयत्न विसाव्या शतकात पुष्कळ झाला. भाकिते भरवशाची ठरली नाहीत आणि ती चाल मागे पडली. आज याचे उत्तर कळांच्या दरम्यानच मिळते. बाईच्या पोटावर पालथा हात ठेवून सुईण पाहते की डोक्याचे पाच भाग मानले तर किती भाग अजून वर हाताला लागतात. पाचही लागले तर डोके पूर्ण वर आहे. दोन किंवा त्याहून कमी लागले तर ते बसले. काही तासांनी पुन्हा पाहायचे आणि आलेखावर खूण करायची. तेव्हाच्या ऱ्होडेशियाच्या, म्हणजे आजच्या झिंबाब्वेच्या, दूरच्या दवाखान्यांतल्या सुइणींना बाईला मोठ्या इस्पितळात केव्हा पाठवायचे हे ठरवता यावे, म्हणून फिलपॉट आणि कॅसल यांनी १९७२ साली अशा आलेखावर सावधगिरीच्या रेषा आखून दिल्या. जागतिक आरोग्य संघटनेने तो पुढे जगभर नेला आणि २०२० साली त्याची सुधारलेली आवृत्ती काढली. तीतही डोके किती उतरले याचा रकाना आहेच. आडव्या अक्षावर तास, उभ्या अक्षावर पाच ते शून्य. आठवीच्या मुलांनाही काढता येईल असा हा आलेख आहे. एक रेषा चार तासांत चारवरून एकवर आलेली आणि दुसरी चार तास चारवरच थांबलेली अशा दोन रेषा फळ्यावर काढाव्यात, आणि यांतल्या कोणत्या बाईसाठी गाडी बोलवायची ते मुलांना ठरवू द्यावे.